निवड न झालेल्यांचाही वाटा

१९९६ सालची गोष्ट. अमेरिकेचे कामगारमंत्री रॉबर्ट राइश यांनी एका संध्याकाळी कार्यालयातून घरी फोन केला. आजही मुलं झोपायच्या आत पोचणं जमणार नाही, एवढंच सांगायचं होतं. सलग पाच रात्री तसंच झालं होतं. धाकट्या सॅमने तक्रार केली नाही. कितीही उशीर झाला तरी आल्यावर मला उठवा, एवढंच म्हणाला. तू तेव्हा गाढ झोपेत असशील, असं वडिलांनी समजावलं, पण तो हट्ट सोडेना. बाबा घरात आहेत हे त्याला कळायला हवं होतं. राइश यांनी ही आठवण स्वतः वर्तमानपत्रात लिहिली आणि मंत्रिपद सोडून ते मुलांकडे परतले.

तो सॅम राइश आज लॉस एंजेलिसमध्ये ‘ड्रॉपआउट’ ही विनोदी कार्यक्रमांची कंपनी चालवतो. तिचा प्रमुख तोच, आणि ‘गेम चेंजर’ या तिच्या गाजलेल्या कार्यक्रमाचा सूत्रसंचालकही तोच. त्याच्या आईचं नावही इथे घ्यायला हवं. क्लेअर डाल्टन कायद्याच्या प्राध्यापक. हार्वर्डने कायम नेमणूक नाकारली तेव्हा त्यांनी लिंगभेदाची दाद मागितली, आणि तडजोडीतून आलेला पैसा नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या कौटुंबिक हिंसाचारावर काम करणाऱ्या संस्थेकडे वळवला. मजुरी आणि न्याय हे शब्द या मुलाच्या कानावर जेवणाच्या टेबलावरच पडले असणार, असं मला वाटतं. पण संस्कार चांगले होते म्हणून कंपनी चांगली निघाली, इतकं सोपं हे प्रकरण नाही. हा धंदा कसा आहे ते आधी पाहायला हवं.

अमेरिकेतल्या विनोदाच्या धंद्यात कलाकाराला पैसे न देण्याची परंपरा जुनी आहे. लॉस एंजेलिसच्या सनसेट बुलेव्हार्डवरचा ‘कॉमेडी स्टोअर’ हा क्लब सत्तरच्या दशकात स्टँडअप कलाकारांचं माहेरघर होता. दारावर तिकीट होतं, आत दारूचा धंदा होता, वेटरला पगार होता, पण ज्याच्यासाठी गर्दी जमायची त्या कलाकाराला काहीच मिळत नव्हतं. मालकीण मिट्झी शोर यांचं म्हणणं असं, की हा क्लब म्हणजे शाळा आहे. इथे पोरं शिकतात, मग टीव्हीवाले त्यांना उचलतात. १९७९च्या वसंतात कलाकारांनी संप केला. जे लेनो आणि डेव्हिड लेटरमन हे पुढे अमेरिकेच्या घराघरांत पोचलेले दोघेही त्या पोरांच्या बाजूने उभे राहिले. सुमारे सहा आठवड्यांनी तडजोड झाली ती एका सादरीकरणाला २५ डॉलरवर. संपात पुढे असलेल्या काहींना नंतर काम मिळेनासं झालं. त्यांतल्या एका तरुणाने त्याच वर्षी आत्महत्या केली.

आपल्याकडे नाटकाच्या एका प्रयोगाच्या मानधनाला ‘नाइट’ म्हणतात. ती कमीजास्त असते, उशिरा मिळते, कधी बुडतेही. पण नटाला नाइट द्यायची असते, हे तत्त्व कोणी नाकारत नाही. तिथे तत्त्वालाच नकार होता, आणि तो १९७९ला संपला नाही. एमी पोलर आणि तिच्या तीन सहकाऱ्यांनी उभ्या केलेल्या ‘अपराइट सिटिझन्स ब्रिगेड’ या नाट्यगृहातून गेल्या पंचवीस वर्षांतले कितीतरी उत्तम विनोदी नट घडले. तिथेही विद्यार्थी वर्गाची फी भरत आणि पुढे रंगमंचावर फुकट काम करत. २०१३मध्ये यावर मोठा वाद झाला. ज्या पिढीने ड्रॉपआउट उभं केलं, त्यातले बरेचजण याच हवेत वाढलेले. संधी हेच मोल, असं ते ऐकत आले होते.

सॅम राइश शाळा अर्धवट सोडून अभिनयाकडे वळलेला मुलगा. २००६मध्ये तो ‘कॉलेजह्यूमर’मध्ये व्हिडिओ विभाग सांभाळायला आला. हे संकेतस्थळ दोन कॉलेजवयीन मित्रांनी १९९९मध्ये काढलं होतं. त्याच घरातून २००४मध्ये ‘व्हिमिओ’चाही जन्म झाला, आणि आज ड्रॉपआउटचे कार्यक्रम प्रेक्षकांपर्यंत जातात ते व्हिमिओच्याच तंत्रावर. २००६मध्ये आयएसी या बड्या उद्योगसमूहाने कॉलेजह्यूमरचा मोठा हिस्सा विकत घेतला. पुढची दहा वर्षं कॉलेजह्यूमरची छोटी प्रहसनं जगभर पाहिली गेली. लेखक, नट, चित्रीकरणाची जागा, रंगभूषा, सगळं खरं आणि खर्चिक. मग प्रेक्षक फेसबुकवर गेला, त्याच्यामागे सगळ्या निर्मात्यांनी आपले व्हिडिओ फुकट तिकडे नेले. लोक व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहतात, याचे आपले आकडे फुगलेले होते, हे फेसबुकने २०१६मध्ये कबूल केलं. जाहिरातदारांशी पुढे ४ कोटी डॉलरची तडजोड झाली. आकड्यांवर विसंबून स्वतःचं अंगण सोडून गेलेल्यांना मात्र परतायला जागा उरली नव्हती.

त्यावर उपाय म्हणून सप्टेंबर २०१८मध्ये ‘ड्रॉपआउट’ ही वर्गणीची सेवा निघाली. जाहिरात नाही, महिन्याला थोडे डॉलर, थेट प्रेक्षकाकडून. पण आयएसीला तितका धीर नव्हता. जानेवारी २०२०मध्ये पैसा थांबला आणि शंभराहून अधिक माणसांची नोकरी एका दिवसात गेली. राइशने कंपनी स्वतः घेतली. आयएसीकडे थोडा हिस्सा राहिला. हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके कर्मचारी उरले होते, आणि आधीच चित्रित झालेले, काही महिने पुरतील इतके भाग. दोन महिन्यांत कोरोना आला आणि स्टुडिओंना टाळं लागलं.

यापुढची हकिकत यशोगाथा म्हणून सांगितली जाते. त्या शंभर जणांना वगळून ती सांगणं मला पटत नाही. ज्यांच्या खांद्यावर ड्रॉपआउटचा पाया घातला गेला, त्यांतले बहुतेक त्या जानेवारीत बाहेर पडले. नंतर त्यांच्यातले अनेक कलाकार म्हणून परत आले, हे खरं. तरी तो दिवस पुसला जात नाही, आणि नवा मालक तो विसरला नसावा, असं त्याच्या पुढच्या वागण्यावरून दिसतं.

कंपनी तरली ती स्वस्त आणि सुंदर कार्यक्रमांवर. ‘डायमेन्शन ट्वेंटी’मध्ये ब्रेनन ली मलिगन आणि त्याचे सहकारी टेबलाभोवती बसून फासे टाकत कथा रचतात, टाळेबंदीत हे घरोघरच्या कॅमेऱ्यांवरही चाललं. ‘गेम चेंजर’मध्ये तीन खेळाडू येतात, खेळाचे नियम त्यांना कोणी सांगत नाही, खेळता खेळता शोधावे लागतात. त्यातल्या एखाद्या भागाची कल्पना जमली की तिचा वेगळा कार्यक्रम होतो. ‘मेक सम नॉइज’ २०२२मध्ये असाच निघाला. लिहिलेली संहिता नाही, मोठे सेट नाहीत. खर्च कमी म्हणून नफा होतो. पण खर्च कमी असण्याचं कारण हे, की सगळा माल कलाकाराच्या डोक्यातून त्या क्षणी निघतो. एखाद्या कंजूस मालकाने इथे सहज म्हटलं असतं, की तीन तास बसून गप्पाच तर मारल्यात.

राइशने उलटा हिशेब केला. २०२३मध्ये कंपनीने नफ्यातला वाटा जाहीर केला, आणि अट एकच ठेवली: त्या वर्षी ड्रॉपआउटकडून ज्याने किमान १ डॉलर कमावला, तो वाटेकरी. नट, कॅमेरावाले, रंगभूषाकार, सगळे. ड्रॉपआउट ऑडिशनचेही पैसे देतं, त्यामुळे ऑडिशनला येऊन निवड न झालेला माणूसही या यादीत आला. मागितल्यावर दिलेला पैसा आणि न मागता दिलेला पैसा यांत फरक असतो. हा वाटा मिळवण्यासाठी कोणी संप केला नव्हता, कोणत्याही करारात तो लिहिलेला नव्हता.

त्याच वर्षी हॉलिवूडमध्ये लेखकांचा संप १४८ दिवस आणि नटांचा ११८ दिवस चालला. नटांचा संप सुरू होताच ड्रॉपआउटने चित्रीकरण थांबवण्याची घोषणा केली. मग लक्षात आलं, की त्यांचे करार ज्या प्रकारात मोडतात तो प्रकार संपात धरलेलाच नाही. कायद्याने वाट मोकळी होती. तरी राइशने आधी कलाकारांची संमती पाहिली, मगच काम पुढे नेलं.

पडद्यावर याचा काय परिणाम दिसतो, हे मी बराच काळ पाहत आलो आहे. ‘गेम चेंजर’च्या एका भागात खेळाडू ग्रीनरूममध्ये तयार होत बसलेले असतात आणि ती खोलीच खेळ निघते, दार बंद, सुटका करून घ्या. दुसऱ्या कुठल्या कंपनीत हा प्रकार छळ वाटला असता. इथे खेळाडू बाहेर पडण्यासाठी खोली उलथीपालथी करतात आणि तेवढ्याच उत्साहाने सूत्रसंचालकाच्या नावाने बोटं मोडतात. मालकाची टिंगल ही या कार्यक्रमाची रोजची भाजीभाकरी आहे. ज्याच्या हाती आपली रोजीरोटी आहे त्याची खिल्ली माणूस तेव्हाच मोकळेपणी उडवतो, जेव्हा उद्याचं काम त्यावर अवलंबून नाही याची त्याला खात्री असते. उत्स्फूर्त विनोदात फसण्याची भीती सतत असते. फसलो तर हाकलतील ही दुसरी भीती डोक्यावर असेल, तर माणूस नवं काही करायला धजावत नाही, जुनीच हमखास वाक्यं पुढे करतो.

माणसं धरून ठेवण्याच्या बाबतीतही हेच दिसतं. मलिगन हा कंपनीचा सर्वांत मोठा चेहरा. २०२५मध्ये ‘क्रिटिकल रोल’ या त्याच क्षेत्रातल्या दुसऱ्या कंपनीच्या चौथ्या मोठ्या मालिकेची सूत्रं त्याने घेतली, आणि त्याच वेळी ड्रॉपआउटशी तीन वर्षांचा नवा करारही केला. बांधून घातलं नाही म्हणून माणूस राहिला, असं मी मानतो.

सगळंच निर्दोष नाही. जानेवारी २०२५मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ‘डायमेन्शन ट्वेंटी’चा प्रयोग झाला. मागणीनुसार चढत जाणाऱ्या तिकिटांच्या दरांमुळे अनेक जुने चाहते दुखावले, आणि त्यांचा राग रास्त होता. ज्या कंपनीने आपली ओळख प्रामाणिक व्यवहारावर उभी केली, तिला हा दर शोभला नाही. त्याच वर्षी वर्गणी वाढली तेव्हा मात्र जुन्या वर्गणीदारांना जुनाच दर ठेवला गेला. आपला पासवर्ड मित्राला देऊ नका, असं बाकीच्या सेवा बजावत असताना राइश तो खुशाल द्या म्हणतो. २०२५मध्ये वर्गणीदारांची संख्या १० लाखांच्या पुढे गेली.

जाहिरातदार नाही, दूरचा मालक नाही, खर्च आटोक्यात. ही मांडणी नसती तर चांगुलपणा पहिल्या तोट्यातच गळून पडला असता, हे मान्य. पण हीच मांडणी हाती असलेले मालक दुसरीकडेही आहेत, आणि ते वाटा देत नाहीत. गणित जुळल्यावर उरलेला पैसा कोणाचा, हा निर्णय शेवटी माणूसच घेतो.

मुंबई-पुण्यात, नागपुरात, पणजीत आज कितीतरी तरुण मंडळी विनोदी वेबमालिका आणि स्टँडअपचे प्रयोग करत स्वतःच्या छोट्या कंपन्या उभ्या करत आहेत. त्यांना एक विनंती. पहिला नफा हातात येईल तेव्हा वाटणीची यादी करायला बसा, आणि त्या यादीत पहाटेच्या एसटीने ऑडिशनला आलेल्या, निवड न झालेल्या मुलीचंही नाव लिहा.