न दिसणारा खर्च

गेल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर एक विधवा भगिनी हाती एक कागद घेऊन आमच्याकडे आल्या. बडोद्यास नोकरीला असलेल्या मुलाने आईच्या म्हातारपणाची सोय म्हणून एका फंडात एक लाख रुपये गुंतविले होते. "फादर, ह्यात खर्च फार थोडा आहे असे सांगतात. पण तो लिहिला आहे कोठे?" असे त्यांनी विचारले. त्या कागदावर खर्चाचा आकडा खरोखरच नव्हता. हा प्रश्न अनेक घरांतला असेल, म्हणून त्याचे उत्तर येथे देत आहोत.

प्रथम मूळ गोष्ट पाहू. बडोद्याच्या जनतेस पाणी मिळावे म्हणून सयाजीराव महाराजांनी आजव्याचा जलाशय बांधविला. आज त्याच शहराची महानगरपालिका पाणी व सांडपाण्याच्या कामांसाठी रोखे काढून पैसा उभारते. २०२२ साली तिने ७.१५ टक्के व्याजाने १०० कोटी रुपये उभारले आणि २०२४ साली ७.९० टक्क्यांनी आणखी १०० कोटी. अहमदाबादेने १९९८ साली व पुण्याने २०१७ साली हाच मार्ग धरला होता. असे रोखे मुख्यत्वे मोठ्या संस्था घेतात. सामान्य कुटुंबाचा पैसा तेथे पोहोचतो तो बहुधा फंडामार्फत. 'बँकिंग व पीएसयू' प्रकारच्या फंडांना बँका व सरकारी कंपन्यांच्या रोख्यांबरोबर पालिकांचे रोखेही घेता येतात.

आता खर्चाविषयी. गिरणीवाल्याने दळणाचे पैसे रोख मागितले तर ते आपल्या ध्यानात येतात. पण त्याने पिठातूनच रोज चिमूटभर काढून घेतले तर डबा भरलेलाच दिसतो. फंडाचा वार्षिक खर्च असाच दररोज थोडा थोडा वजा होतो व उरलेल्या रकमेवर युनिटचा भाव ठरतो. त्याची वेगळी पावती येत नाही.

त्यातही दोन वाटा आहेत. 'रेग्युलर' योजनेत विकणाऱ्याचे कमिशन ह्याच खर्चात मिळविलेले असते. १ जानेवारी २०१३ पासून मिळणाऱ्या 'डायरेक्ट' योजनेत ते नसते. फंड एकच, रोखे तेच, परंतु फळ निराळे.

टक्केवारीत न दिसणारा आणखी एक खर्च आहे. पालिकांच्या रोख्यांची उलाढाल बेताचीच असते. त्यामुळे घेण्याच्या व विकण्याच्या भावातील अंतर मोठे पडू शकते आणि ते अखेर गुंतविणाऱ्यालाच सोसावे लागते. काही फंड लवकर पैसे काढल्यास 'एक्झिट लोड' कापतात. खरेदीवर मुद्रांक शुल्क लागते. ते मात्र लाखामागे अवघे ५ रुपये. शिवाय पालिकेचे नाव आले म्हणजे कर माफ, असे कोणी समजू नये. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या अशा युनिटांवरील नफा आपल्या इतर उत्पन्नात धरून त्यावर कर आकारला जातो.

एक टक्का म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. लाख रुपयांवर खर्चापूर्वी वर्षाला ७ टक्के मिळतात असे धरू. वर्षाला ०.३ टक्का खर्च असेल तर २० वर्षांनी सुमारे ३,६५,८०० रुपये होतात. १ टक्का असेल तर सुमारे ३,२०,७००. मधले ४५,००० रुपये त्या माऊलीच्या औषधपाण्याचे होते.

खर्च घेणे हे पाप नव्हे. पंधराव्या शतकात इटलीत फ्रान्सिस्कन धर्मबंधूंनी गरिबांसाठी तारण ठेवून कर्ज देणाऱ्या पेढ्या काढल्या. चालविण्याच्या खर्चापुरती माफक रक्कम घेण्यास १५१५ साली पोप दहावे लिओ ह्यांनी लॅटरन धर्मसभेत मान्यता दिली. श्रमाचा मोबदला न्याय्यच आहे. परंतु तो देणाऱ्याला कळला पाहिजे.

म्हणून सही करण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात: वार्षिक खर्च किती? योजना डायरेक्ट की रेग्युलर? लवकर काढल्यास किती कापणार? कर जाऊन हाती काय उरणार? उत्तर लेखी घ्यावे. व्याजाचे दर चढले तर युनिटचा भाव उतरू शकतो, हेही लक्षात असू द्यावे.

बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हे प्रभूने दृष्टान्तातून आपल्याला शिकविले आहे. त्या भगिनींच्या मुलाने परवा चौकशी केली. योजना रेग्युलर निघाली. आता माय-लेक एकत्र बसून हिशेब करीत आहेत. प्रत्येक घरात असेच घडो.