भात एक, फोडण्या तीन

बंगाली स्वयंपाकाविषयी आपल्याकडे जी समजूत रूढ आहे, ती बहुधा मासे आणि मिठाई यांपलीकडे जात नाही. परंतु कोलकात्यातील किंवा वर्धमानकडील एखाद्या साध्या घरी रात्री जो भात, मसुरीची डाळ, वांग्याचे काप, खसखशीतले बटाटे आणि रोहूचा रस्सा रांधला जातो, तो लक्षपूर्वक पाहिला असता त्या पाककलेचे सामर्थ्य मसाल्यांच्या विपुलतेत नसून त्यांच्या काटेकोर वाटणीत आहे, हे ध्यानात येते. प्रत्येक पदार्थाची फोडणी निराळी. एकीचा अंमल दुसरीच्या इलाख्यात चालत नाही.

या सर्वांचा पाया मोहरीचे तेल. ते लोखंडी कढईत धूर येईतो तापवून मग आच मंद करावी, म्हणजे त्याचा उग्र दर्प ओसरून झणका तेवढा उरतो. शिजवतानाच हळद घातलेल्या मसुरीच्या डाळीला सुक्या मिरचीसह ‘पाँच फोडोन’ची फोडणी द्यावी. जिरे, मेथी, बडीशेप, कलौंजी आणि राँधुनी नावाचे ओव्यासारखे बारीक बी, असे हे पाच अखंड जिन्नस. राँधुनी न मिळाल्यास तिच्या जागी मोहरी घालण्याचा दस्तूर आहे. याच मसुरीला जुन्या बंगाली घरांत विधवांच्या पानात मज्जाव होता. कांदा-लसणाप्रमाणे तीही आमिषात, म्हणजे सामिष अन्नात, गणली जाई. ज्या स्त्रियांवर ही सक्ती लादली गेली, त्यांनीच कांदा-लसणावाचून भाज्यांचे एक समृद्ध पाकशास्त्र उभे केले, हे त्यांचे ऋण बंगालने विसरता कामा नये. रवींद्रनाथांची पुतणी प्रज्ञासुंदरी देवी यांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर लिहिलेल्या पाकग्रंथाच्या ‘आमिष ओ निरामिष आहार’ या नावातच ती विभागणी नोंदलेली आहे.

खसखस आपल्या घरांत अनारशाच्या अंगाला लागण्यापुरती येते. वर्धमान, बांकुडा, बीरभूम या कडक उन्हाच्या जिल्ह्यांत मात्र ती नित्याचे अन्न आहे. चौघांसाठी अर्धा किलो बटाटे आणि चार मोठे चमचे खसखस पुरते. खसखस तासभर भिजवून हिरव्या मिरचीबरोबर पाट्यावर गंधासारखी वाटावी, कलौंजीच्या फोडणीत बटाट्याच्या लहान फोडी अर्धवट शिजवाव्यात, आणि मग वाटण घालून पाणी आटेपर्यंत हलक्या हाताने परतावे. येथे हळद नको, गरम मसाला तर मुळीच नको. खसखशीचा सौम्य, दुधाळ स्वाद इतका संकोची आहे की दुसरा कोणी बोलू लागला की तो गप्प बसतो.

वांग्याच्या जाड चकत्यांना मीठ, हळद आणि चिमूटभर साखर चोळून त्या तळाव्यात. त्यात अधिक सांगण्याजोगे काही नाही.

रोहूच्या तुकड्यांनाही मीठ-हळद लावून ते तेलात दोन्ही अंगांनी परतून बाजूला ठेवावेत. त्याच तेलात जिरे व तमालपत्र टाकून बटाट्याच्या लांबट फोडी, आले, हळद आणि जिऱ्याची पूड परतावी, गरम पाणी ओतावे, आणि बटाटा शिजत आला की मासा त्यात सोडून, वर हिरव्या मिरच्या चिरून घालाव्यात. कोकणातल्या नारळाच्या दाट आमटीवर वाढलेल्या माणसाला हा ‘झोल’ प्रथम पाणचट वाटेल. पण नदीतळ्यातल्या गोड्या पाण्याच्या माशाची चव या पातळ रश्शातच उकलते, असे माझे ठाम मत आहे.

वाढण्याचा क्रमही या भोजनाचा अविभाज्य भाग आहे. आपल्या पानात सारे एकदम मांडण्याची रीत. तिथे थोड्या भाताशी आधी डाळ आणि वांगे, मग खसखशीतले बटाटे, नंतर मासा, आणि शेवटी टोमॅटो-खजुराची गोड चटणी, असा एकेकाचा मान राखला जातो. कडू चवीचे शुक्तो दुपारच्या जेवणाचे, म्हणून रात्री त्याची तजवीज करू नये. रोहू न मिळाल्यास कटला चालेल, पण मोहरीच्या तेलाऐवजी शेंगदाण्याचे तेल मात्र वाचकांनी कृपा करून वापरू नये.