मातीत रमलेला एकांतवासी

पोळ्याला मातीचे बैल न केलेलं पोर खेड्यात विरळाच. पण आपला बैल पाटावर मांडला की जागचा हलत नाही. मातीच्या अशा मूर्तींना पडद्यावर चालतं-फिरतं करण्यात अमेरिकेतल्या एका माणसाने सारी हयात वेचली. त्यांचं नाव ब्रूस बिकफर्ड.

त्यांचा जन्म १९४७ साली सिॲटल शहरी झाला. वडील जॉर्ज हे बोइंग विमान कंपनीत अभियंता होते. १९६४ च्या सुमारास, ऐन तारुण्यात, ब्रूस यांना मातीच्या चलत्‌चित्रांचा नाद लागला. मध्यंतरी ते मरीन दलातून व्हिएतनामच्या युद्धात गेले. परत आल्यावर त्यांनी पुन्हा माती हाती घेतली.

आता, ही मूर्ती चालते कशी? सिनेमात एका सेकंदाला २४ चित्रं डोळ्यांपुढून सरकतात. मूर्ती मांडायची, चित्र घ्यायचं, तिचा हात केसभर हलवायचा, की पुन्हा चित्र. एकेका अवस्थेची दोन-दोन चित्रं घेतली, तरी एका मिनिटासाठी मूर्ती ७२० वेळा बदलावी लागते. शाडू वाळून तडकतो. म्हणून यासाठी तेल-मेण घातलेली, न वाळणारी माती वापरतात. आणि गंमत अशी, की पुढची अवस्था करताना मागची मोडते. चुकलं तर तीच मूर्ती परत मिळत नाही.

बिकफर्ड यांची खुबी रूपांतरात होती. पाहता पाहता चेहऱ्याचा डोंगर व्हावा, माणसाचा राक्षस व्हावा, असा त्यांच्या मातीचा स्वभाव. फ्रँक झप्पा या संगीतकाराच्या १९७९ च्या 'बेबी स्नेक्स' चित्रपटात त्यांचं काम लोकांनी पाहिलं. पुढे १९८८ मध्ये त्यांचा स्वतःचा २८ मिनिटांचा 'प्रोमिथिअसची बाग' हा चित्रपट आला. ग्रीक पुराणात प्रोमिथिअसने मातीतून माणूस घडवला अशी कथा आहे. तिचाच हा धागा. वरच्या हिशेबाने पाहा, २८ मिनिटांना वीस हजारांवर अवस्था होतात!

सिॲटलजवळच्या घरी ते जगापासून दूर राहून काम करीत. २००४ साली ब्रेट इंग्राम यांनी 'मॉन्स्टर रोड' हा माहितीपट काढला, तेव्हा कुठे बाप-लेकांचं आयुष्य बाहेर कळलं. वृद्ध वडिलांची स्मृती ओसरू लागली होती. इकडे मुलगा मनातलं एकेक चित्र मातीत उतरवत होता. २०१९ च्या एप्रिलमध्ये बिकफर्ड वारले.

थोड्यांनीच पाहिलेलं हे काम वाया गेलं काय? तसं म्हणवत नाही. पैसा वा नाव यांची वाट न पाहता त्यांनी पन्नासहून अधिक वर्षं हा उद्योग चालवला, आणि त्यांचे चित्रपट आजही पाहता येतात.

गुरुजींनी वर्गात हा प्रयोग जरूर करावा. मातीचा एक बैल आणि कॅमेऱ्याचा फोन पुरे. बैलाने चार पावलं टाकेपर्यंत मुलांना किती धीर धरावा लागतो, तेवढं पाहावं.