गिअरची सायकल घेताय? आधी घाट बघा, मग रंग!

शेतकरी बंधू-भगिनींनो, आणि पाड्यापाड्यांवर फिरणाऱ्या ग्रामसेवक, तलाठी, गुरुजी मंडळींनो (हुद्द्यांची नावे सरकारने बदलली, पण आपल्या तोंडी जुनीच आहेत),

शाळेत असताना तुम्ही सायकल चालवली असेलच. काळी, २८ इंची, दांड्याची. आधी दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल, मग उंची वाढली तसे सीटवर. पुढे घरात मोटारसायकल आली आणि ती सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकली ती टेकलीच. आता वीस-पंचवीस वर्षांनी डॉक्टर सांगतात, साखर वाढलीय, अंग हलवा. पेट्रोलचा खर्च वेगळाच. तेवढ्यात दुकानात जाड टायरची, रंगीत, गिअरची सायकल दिसते आणि मन होते.

जरूर घ्या. पण आपण जव्हार-मोखाड्याचे. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटरवर. विक्रमगडकडे उतरायचे तर घाट, मोखाड्याहून त्र्यंबककडे जायचे तर तोरंगणचा घाट, खोडाळा-सूर्यमाळची बाजू तर सगळी चढ-उताराचीच. सपाट मुलखातल्या माणसाने सायकल चुकीची घेतली तर फार तर पैसे वाया जातात. आपल्याकडे पावसात, उतारावर, चुकीचा ब्रेक जिवावर बेततो. म्हणून ही चार गोष्टींची उजळणी.

उताराचीच सायकल

या सायकलीचा जन्मही डोंगरातला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरीन भागात १९७० च्या दशकात काही तरुण जुन्या, जड सायकली घेऊन कच्च्या डोंगरवाटेने सुसाट उतरायचे. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असे. उतार संपेपर्यंत हब इतका तापायचा की आतले ग्रीस जळून धूर निघायचा. दर खेपेला हब उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. १९७६ मध्ये तिथे शर्यत सुरू झाली, तिला या ‘पुन्हा भरण्या’वरूनच ‘रीपॅक’ नाव पडले. पुढे १९७७ मध्ये जो ब्रीझ याने डोंगरासाठीच म्हणून नवी फ्रेम बांधली. तात्पर्य काय, या सायकलीत पहिल्यापासून प्रश्न ब्रेकचाच आहे. दुकानात गेल्यावर पहिला हात ब्रेकला लावा.

ब्रेक कोणता?

रबरे रिमला घासणारा ब्रेक स्वस्त, दुरुस्तीला सोपा. पण आपली लाल माती आणि पावसाचे पाणी रिमवर बसले की तो उशिरा धरतो, रबरे आणि रिम दोन्ही झिजतात. डिस्क ब्रेकची चकती चाकाच्या मध्यावर, चिखलापासून जरा लांब असते. पावसाळ्यात तो भरवशाचा. डिस्कमध्ये पुन्हा दोन प्रकार. वायरवर चालणारा आणि तेलावर चालणारा. तेलाचा मऊ आणि जोरदार धरतो, पण बिघडला तर शहर गाठावे लागते. वायरचा गावातला मिस्त्रीही नीट करतो. आपल्या भागाला वायरची डिस्क बरी.

घाट उतरताना दोन्ही ब्रेक वापरा. नुसता पुढचा एकदम दाबला तर माणूस हँडलवरून पुढे जातो. ब्रेक सतत दाबून ठेवू नका. वळणाच्या आधी वेग कमी करा, मग सोडा. ब्रेकला थंड व्हायला वेळ मिळतो.

गिअरचा हिशेब

दुकानदार सांगेल, “साहेब, एकवीस गिअर!” आकड्याला भुलू नका. पुढे ३ चकत्या, मागे ७, म्हणून २१. चढाला उपयोगी पडते ती पुढची सर्वांत लहान चकती आणि मागची सर्वांत मोठी. दात मोजा.

समजा, जुन्या काळ्या सायकलीला पुढे ४४ दात, मागे १८. पायडलच्या एका फेऱ्यात ती साधारण साडेपाच मीटर जाते. आता २६ इंची गिअरच्या सायकलीला पुढे २४ आणि मागे २८ दात धरा. एका फेऱ्यात ती पावणेदोन मीटरच जाते. अंतर तिसऱ्या हिश्श्यावर आले, तसा पायावरचा भारही उतरला. म्हणून घाटात जिथे आपण पूर्वी उतरून सायकल ढकलायचो, तिथे बसल्या बसल्या चढता येते. हळू का होईना.

गिअर चढ सुरू होण्याआधी बदला. जोर लावत असताना बदलला तर चेन उतरते, कधी तुटते. बैलाला चढ लागायच्या आधी आपण सैल सोडतो, तसेच हे.

शॉकअपचा मोह

मागेपुढे दोन्हीकडे शॉकअप असलेली स्वस्त सायकल रुबाबदार दिसते. पण ती जड असते आणि पायडलचा जोर स्प्रिंगच दाबण्यात जातो. चढाला दम निघतो. पुढे शॉकअप पुरे. तोही नसला तरी चालेल, कारण दोन इंच रुंदीचा टायर बेताच्या हवेवर ठेवला की बरेच हादरे तोच खातो. टायरच्या बाजूवर हवेची मर्यादा लिहिलेली असते, ती पाळा. व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा असेल असे बघा, म्हणजे कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते.

अंगाच्या मापाची

सायकल दोन पायांत घेऊन जमिनीवर उभे राहा. दांडा आणि अंग यांत दोन इंच तरी अंतर हवे. मग सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल अगदी खाली असताना गुडघा जवळजवळ सरळ झाला की सीटची उंची बरोबर. सीट खाली ठेवून चालवणाऱ्यांचेच गुडघे आधी बोलतात. साडीत चालवणाऱ्या भगिनींनी खाली वाकलेल्या दांड्याची फ्रेम आणि चेनला झाकण मागावे.

कॅरियर विसरू नका

आपली सायकल हौसेची नाही, कामाची आहे. मोगऱ्याच्या कळ्या भल्या पहाटे खुडून टेम्पोच्या वेळेला रस्त्यावर न्यायच्या असतात. उशीर झाला तर कळी उमलते आणि भाव पडतो. वरईची पिशवी, दप्तर, औषधाची पेटी, सगळे न्यायचे असते. गिअरच्या सायकलींना बहुधा कॅरियर, मडगार्ड, स्टँड नसते. ते बसवायला फ्रेमला भोके आहेत का, ते खरेदीआधीच बघा. फ्रेम लोखंडी असेल तर वजन थोडे जास्त, पण मोडली तर जव्हारातही जोडून मिळते. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम गंजत नाही, हलकी असते, पण तडकली तर साध्या वेल्डिंगवाल्याचे ते काम नाही.

सगळे पैसे सायकलीत घालू नका. हेल्मेट, पंप, जादा ट्यूब, कुलूप आणि मागचा लाल दिवा यांना बाजूला ठेवा. पक्के बिल घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे, तो बिलात नीट लागला का ते तपासा.

अंग जुने, सायकल नवी

चाळिशी उलटली असेल तर आधी रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. पहिले पंधरा दिवस घाटाचे नाव काढू नका. गावातल्या सपाट रस्त्यावर सकाळी वीस मिनिटे पुरे. नंतर लहान चढ, मग मोठा. छातीत दुखले, चक्कर आली, तर उतरा आणि दवाखाना गाठा. तिथे मर्दुमकी नको.

आणि वयाचे म्हणाल, तर आपल्या शेजारच्या नाशिकचे उदाहरण घ्या. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करण्याची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत जोडीने पुरी केली. दवाखाना सांभाळणारी संसारी माणसे ती. आपल्याला अमेरिका नको, पाड्यावरून बाजाराला जाऊन धडधाकट परत आले म्हणजे झाले.

तेव्हा दुकानात घाई करू नका. सायकल मागून घ्या, जवळच्या चढावर चढवा, उतारावर ब्रेक दाबून बघा. दुकानदार चालवू देत नसेल तर दुसरे दुकान धरा. रंग दोन पावसाळ्यांत उडतो. ब्रेक, गिअर आणि माप मात्र रोज कामाला येतात.