गेमनिर्मितीचा संगणक : प्रोसेसरवर किती खर्च करावा?

चिकोडी-निपाणी परिसरातील शेतकरी कुटुंबाच्या हाती मोठी रक्कम येते ती वर्षातून एकदोनदाच. उसाचे बिल जमा होते, तंबाखूचा व्यवहार पुरा होतो आणि वर्षभर थोपवून धरलेले सारे खर्च एकदम पुढे सरसावतात. घरातील अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलाने वा मुलीने ‘गेम तयार करायचे आहेत, त्यासाठी दीड लाखाचा संगणक हवा’ असे सांगितले, तर तोही खर्च याच रकमेतून भागवावा लागतो. निवड चुकली तर ती सुधारण्यासाठी पुढच्या हंगामाची वाट पाहावी लागते. या दीड लाखातील किती वाटा प्रोसेसरवर घालायचा, हा प्रश्न म्हणूनच हौशी तंत्रचर्चेपुरता राहत नाही.

मुलांचा हा हट्ट अनाठायी आहे, असेही म्हणता येणार नाही. पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या चमूचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा गेम २०२० मध्ये जगभर प्रसिद्ध झाला. त्यासाठी २०१७ मध्ये केलेले लोकवर्गणीचे आवाहन अयशस्वी ठरले होते. तरीही ‘अनरियल इंजिन ४’ वर काम सुरू ठेवून या मंडळींनी तो तडीस नेला. कर्नाटक सरकारने ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स व गेमनिर्मिती या क्षेत्रांसाठी २०२४ ते २०२९ या काळाचे स्वतंत्र धोरण जाहीर केले आहे. चिकोडीत केएलई संस्थेचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तर बेळगावात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय. चोर्ला घाटाच्या पलीकडे, गोव्यात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपुढील प्रश्नही यापेक्षा फारसा निराळा नाही.

दुकानात पाऊल ठेवताच पहिली गल्लत होते ती ‘गेमिंग’ या शब्दापाशी. गेम खेळणे आणि गेम घडवणे ही प्रोसेसरच्या दृष्टीने दोन वेगळी कामे आहेत. एएमडी कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलेला ‘रायझन ७ ९८००एक्स३डी’ खेळणाऱ्यांमध्ये अतिशय लोकप्रिय ठरला, कारण त्याच्या आठ कोअरच्या दिमतीला तब्बल ९६ एमबी एल३ कॅश आहे. खेळताना त्याच त्या माहितीकडे पुन्हा पुन्हा वळावे लागते आणि तेथे ही कॅश फार उपयोगी पडते. शेकडो फाइली कंपाईल करताना तिचा तितका लाभ होत नाही. त्या कामासाठी साधारण त्याच किमतीच्या पट्ट्यातील बारा कोअरचा साधा प्रोसेसर अधिक सरस ठरतो.

मग कोअर जितके जास्त तितके चांगले, असे समजावे काय? येथे साखर कारखान्याचे उदाहरण उपयोगी पडते. ऊसतोडणीच्या आठ टोळ्यांच्या सोळा केल्या, तर फडातील तोड जवळपास निम्म्या वेळात उरकते. कारण प्रत्येक टोळी आपापल्या सरीत स्वतंत्रपणे राबते. परंतु भरलेले ट्रॅक्टर कारखान्यावर पोहोचतात आणि एकाच वजनकाट्यापुढे रांग लागते, तेव्हा टोळ्या वाढवून ती रांग हलत नाही. तेथे काटाच जलद चालावा लागतो. संगणकशास्त्रज्ञ जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये संगणकाबाबत हीच मर्यादा मांडली. एखाद्या कामाचा ९० टक्के भाग वाटून करता येण्याजोगा आणि १० टक्के भाग एकापाठोपाठ एक असाच करावा लागणारा असेल, तर एका कोअरच्या तुलनेत ८ कोअरवर ते काम सुमारे ४.७ पट, १६ कोअरवर ६.४ पट आणि ३२ कोअरवर ७.८ पट वेगाने होते. कोअर कितीही वाढवले तरी दहा पटींची वेस ओलांडता येत नाही. आठावरून सोळावर गेल्याने टोळ्या दुप्पट झाल्या, काम मात्र जेमतेम एकतृतीयांशाने जलद झाले.

गेमनिर्मितीतील कोणते काम फडातले आणि कोणते काट्यावरचे, हे ओळखले की निम्मी निवड झाली. अनरियल इंजिनमध्ये सी++ मधील असंख्य फाइली कंपाईल करणे हे फडातले काम आहे. पडद्यावरील प्रकाश, रंग व पृष्ठभाग ठरवणारे छोटे प्रोग्रॅम, म्हणजेच शेडर, तयार करणे हेही त्यातलेच. सर्व तुकडे जोडून अंतिम प्रोग्रॅम सिद्ध करण्याची शेवटची पायरी मात्र बरीचशी काट्यावर अडते. युनिटीमध्ये सी-शार्पमधील एक ओळ बदलून गेम पुन्हा चालवून पाहताना जी प्रतीक्षा होते, तीही मुख्यतः काट्यावरचीच. नवशिक्या निर्मात्याचा दिवस अशाच दहा-दहा सेकंदांच्या प्रतीक्षांत जातो आणि त्या कमी होतात त्या एकेका कोअरच्या वेगाने, कोअरच्या संख्येने नव्हे. गोडो हे इंजिन तर इतके हलके आहे की त्याच्यासाठी सोळा कोअर घेणे म्हणजे सायकलच्या कॅरिअरवरचा भारा न्यायला ट्रक बोलावणे होय. थ्रीडी दृश्यांचे रेंडरिंग आणि प्रकाशाची आगाऊ गणना ही कामे आता बहुधा ग्राफिक्स कार्डाकडे सोपवली जातात, त्यामुळे त्यांच्या नावाखाली महागडा प्रोसेसर घेण्याचे कारण उरत नाही.

या हिशेबात मेमरीचा विसर पडतो आणि नेमका तेथेच पैसा वाया जातो. अनरियलची कंपाईल यंत्रणा मूळ सेटिंगमध्ये एकेका प्रक्रियेसाठी सुमारे दीड जीबी मोकळी मेमरी धरून चालते. संगणकात १६ जीबी रॅम आहे, विंडोज, एडिटर आणि ब्राउझर यांनी त्यातील दहा जीबी व्यापली आहे, उरली सहा. अशा स्थितीत एका वेळी चारच प्रक्रिया सुरू होतात. प्रोसेसर सोळा कोअरचा असला तरी बारा कोअर बांधावर बसून राहतात आणि त्यांची किंमत मात्र मोजून झालेली असते. यास्तव युनिटीसाठी किमान ३२ जीबी आणि बारा वा अधिक कोअरवर अनरियलचे सी++ काम करायचे असल्यास ६४ जीबी मेमरी गृहीत धरावी. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव झपाट्याने चढल्यामुळे ही शिफारस खिशाला जड वाटेल. तरीही रक्कम अपुरी पडत असेल, तर प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यावा, मेमरी कमी करू नये.

यासाठी अंदाजावर विसंबण्याची गरज नाही. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील किंवा मित्राच्या संगणकावर स्वतःचाच प्रकल्प उघडावा, नेहमीचे काम करावे आणि विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रत्येक कोअरचा आलेख वेगवेगळा लावून पाहावा. प्रतीक्षेच्या वेळी एखाद-दुसराच आलेख उंचावलेला व बाकीचे निपचित असतील, तर गरज वेगवान कोअरची आहे. सगळेच काठोकाठ भरले असतील, तर अधिक कोअरचा उपयोग होईल. आलेख शांत, पण मेमरी तुडुंब आणि डिस्क अखंड धडपडत असेल, तर दोष प्रोसेसरचा नाहीच. अर्ध्या तासाच्या या निरीक्षणातून जे कळते, ते यूट्यूबवरील दहा चाचण्या पाहूनही कळत नाही; कारण त्या चाचण्या दुसऱ्याच्या कामाच्या असतात.

युनिटी वा गोडोवर काम करणाऱ्यास सहा कोअरचा ‘रायझन ५ ९६००एक्स’ किंवा आठ कोअरचा ‘रायझन ७ ९७००एक्स’ पुरेसा आहे. अनरियलमध्ये रोज सी++ लिहिणाऱ्याने बारा कोअरचा ‘रायझन ९ ९९००एक्स’ किंवा इंटेलचा ‘कोअर अल्ट्रा ७ २६५के’ यांचा विचार करावा. इंटेलच्या या प्रोसेसरवर वीस कोअर असे लिहिलेले असते. त्यांत आठ मोठे व बारा छोटे असतात, हे ध्यानात ठेवून तुलना करावी. सोळा कोअरचा ‘रायझन ९ ९९५०एक्स’ शोभतो तो इंजिनचा मूळ सोर्सकोड स्वतः कंपाईल करणाऱ्यांना, आणि तयार इंजिन वापरणाऱ्या दोन-तीन जणांच्या चमूला तशी वेळ क्वचितच येते.

हंगामी उत्पन्नाच्या घराला सॉकेटचा मुद्दा सर्वांत मोलाचा. एएमडीचा ‘एएम५’ सॉकेट २०२२ मध्ये आला आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही त्याला साथ देण्याचे कंपनीने जाहीर केले आहे. म्हणजे यंदाच्या बिलात चांगला मदरबोर्ड, पुरेशी मेमरी व आठ कोअर घ्यावेत आणि काम वाढल्यास दोन वर्षांनी त्याच बोर्डावर बारा वा सोळा कोअर बसवावेत. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटची वाटचाल मात्र चौदाव्या पिढीपाशी थांबली.

जुन्या वस्तूंच्या बाजारात याच तेराव्या-चौदाव्या पिढीतील इंटेल प्रोसेसर आकर्षक भावात दिसतात. त्यांच्याबाबत सावध राहिलेले बरे. या पिढ्यांतील अधिक शक्तीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज घेऊन कायमचे बिघडत असल्याचे २०२४ मध्ये उघड झाले. अनरियलवर बनलेले गेम शेडर तयार करतानाच बंद पडत आणि पडद्यावर ग्राफिक्स मेमरी संपल्याचा भलताच संदेश येई. इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून बायोसमार्फत दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण आधीच झिजलेला प्रोसेसर त्या दुरुस्तीने पूर्ववत होत नाही. खेळणारा अशा वेळी वैतागतो. गेम घडवणारा मात्र स्वतःच्या प्रोग्रॅममधील नसलेली चूक आठवडेच्या आठवडे शोधत बसतो. मूळ बिल आणि अद्ययावत बायोस यांची खात्री असल्याशिवाय असा सौदा करू नये.

वीज आणि उष्णता यांचा विचार पुण्या-बेंगळुरूच्या वातानुकूलित कार्यालयात कोणी फारसा करत नाही. चिकोडीत तो करावा लागतो. इंटेलचा ‘आय९ १४९००के’ पूर्ण भारावर २५३ वॅटपर्यंत वीज खेचतो, तर ‘९७००एक्स’ची नोंद ६५ वॅटची आहे. ग्राफिक्स कार्डाची वीज त्यात मिळवली की नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस, जो साधारण ३६० वॅटच पेलतो, ऐन कंपाईलमध्ये मान टाकतो. वळिवाच्या पावसात वीज गेली तर न जतन केलेले काम गेलेच. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या छपराखालील खोलीत तापलेला प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो, तेव्हा कागदावरील जादा गिगाहर्ट्झ कागदावरच राहतात.

लॅपटॉपचा मोह याच कारणाने तपासून पाहावा. ‘आय७’ हे एकच नाव असले तरी ‘१३५५यू’ या लॅपटॉप प्रोसेसरमध्ये दोन मोठे व आठ छोटे कोअर असून त्याची मूळ वीजमर्यादा १५ वॅट आहे. डेस्कटॉपच्या ‘१३७००के’मध्ये आठ मोठे व आठ छोटे कोअर आणि १२५ वॅट. दोहोंच्या कामात जमीन-अस्मानाचे अंतर पडते. डेस्कटॉप घेताना नावाच्या शेवटी ‘एफ’ अक्षर असलेला प्रोसेसर काहीसा स्वस्त मिळतो, कारण त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते. मोठ्या शहरात ही बचत चालून जाते. तालुक्याच्या गावी ग्राफिक्स कार्ड बिघडून दुरुस्तीला गेले, तर अंगभूत ग्राफिक्सच्या आधारे निदान कोड लिहिता येतो. ‘एफ’ असल्यास कार्ड परत येईपर्यंत पडदा काळा.

प्रोसेसरवर वाचवलेल्या रकमेतून एक गोष्ट अवश्य घ्यावी : दोन-तीन वर्षांपूर्वीचा, कमी किमतीचा अँड्रॉइड फोन. मोबाईलसाठी बनवलेला गेम निर्मात्याच्या ताकदवान संगणकावर नेहमीच सुरळीत चालतो. गावातल्या खेळणाऱ्याच्या हातात तो कोठे अडखळतो, हे त्या जुन्या फोनवरच दिसते.