देह, यंत्र आणि तालीम

अकोल्याच्या जिनात कापसाचा हंगाम भरात आला म्हणजे रेच्याचे चामडी रूळ अहोरात्र फिरून रुई आणि सरकी विलग करीत राहतात. मात्र त्या अखंड घर्षणाने रूळ झिजतात आणि मिस्त्रीला ते बदलावे लागतात.

मनुष्यदेहही असेच यंत्र आहे काय? ज्वराने देहाबरोबर विचारही ढळतो हे ध्यानी घेऊन ला मेत्री या फ्रेंच वैद्याने अठराव्या शतकात ‘मनुष्य हे यंत्रच होय’ असा दावा गुदरला. तो सरसकट खारीज करता येत नाही, कारण रक्ताभिसरण काय किंवा हाडांच्या तरफा काय, पदार्थविज्ञानाच्या नियमांबाहेर काहीच नाही.

परंतु अमरावतीस 1914 साली स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या तालमीत मल्लखांबाला रोज भिडणारा मुलगा पाहावा: घर्षणाने त्याच्या तळव्याची त्वचा जाड होते, ताणाने स्नायूंत नवी प्रथिने रचली जातात, आणि ज्या वापराने रूळ झिजतो त्याच वापराने देह बळावतो.

यात निसर्गनियमांचा भंग नाही. म्हणून फैसला द्यायचाच तर असा की, मनुष्य यंत्र असला तरी आपले सुटे भाग आपणच घडविणारे आणि तालमीत जायचे की नाही हे आपल्याशीच ठरविणारे यंत्र आहे. तो निश्चय कोठून उपजतो, हा मुकदमा मात्र शास्त्राच्या दप्तरी अद्याप प्रलंबित आहे.