'राउंडअबाउट' : एका इंग्रजी शब्दाचा अर्थ व वापर

'राउंडअबाउट' हा इंग्रजी शब्द वरकरणी साधा आहे. तथापि पदवी वर्गात शिकविताना त्याचे किमान तीन अर्थ वेगळे करावे लागतात. विशेषण म्हणून तो 'आडवळणाचा' या अर्थी येतो. 'इन अ राउंडअबाउट वे' बोलणारा मुद्द्याला थेट हात घालत नाही. नाम म्हणून ब्रिटिश इंग्रजीत तो जत्रेतील लाकडी घोड्यांच्या गोल फिरणाऱ्या पाळण्याचा वाचक आहे. 'व्हॉट यू लूज ऑन द स्विंग्ज, यू गेन ऑन द राउंडअबाउट्स' या वाक्प्रचारात रस्ता शोधणारा विद्यार्थी हमखास फसतो. तेथे एवढेच अभिप्रेत आहे, की एकीकडचा तोटा दुसरीकडे भरून निघतो.

रहदारीविषयक अर्थ विसाव्या शतकात रूढ झाला. मध्यभागी गोल बेट व त्याभोवती एकाच दिशेने जाणारी वाहने, ही त्याची ढोबळ व्याख्या. परंतु ती अपुरी आहे. प्रवेश करणाऱ्या वाहनाने आत फिरणाऱ्या वाहनास वाट द्यावी, हा नियम ब्रिटनमध्ये १९६६ साली लागू झाला. त्यापूर्वी नवी वाहने आत घुसत, बाहेर पडणाऱ्यांचा मार्ग अडे आणि गर्दीत संपूर्ण चक्र ठप्प होई.

अमेरिकेत अशा रचनेस 'ट्रॅफिक सर्कल', तर मॅसॅच्युसेट्सकडे 'रोटरी' म्हणतात. मात्र तेथील अभियंते 'राउंडअबाउट' ही संज्ञा उपरोक्त नियम पाळणाऱ्या आधुनिक रचनेसाठीच राखून ठेवतात. असा पहिला राउंडअबाउट तेथे १९९० मध्ये नेवाडा राज्यात झाला. त्यामुळे हे तिन्ही शब्द समानार्थी म्हणून देणारा कोश तांत्रिक मजकुराच्या अनुवादकास चुकीच्या वाटेला लावतो.

भारतीय रस्ते काँग्रेसच्या १९७६ च्या संहितेत 'ट्रॅफिक रोटरी' हा शब्द आहे. मुंबईकर मात्र 'सर्कल'च म्हणतात : किंग्ज सर्कल, खोदादाद सर्कल. हॉर्निमन सर्कलचे (पूर्वीचे एल्फिन्स्टन सर्कल) नाव मोटारगाड्यांच्या आधीचे. बागेभोवतीच्या इमारतींच्या वर्तुळावरून ते पडले आहे.

मराठीत 'वाहतूक बेट' हा पर्याय सुचविला जातो, पण तो केवळ मधल्या उंचवट्याचा निर्देश करतो. रस्ता त्यातून निसटतो. प्रस्तुत लेखिकेस 'गोल चौक' अधिक सोयीचा वाटतो. व्युत्पत्तीच्या दृष्टीने चौक गोल कसा, असा आक्षेप येईल. परंतु पाच रस्ते मिळतात त्या ठिकाणासही आपण चौकच म्हणत आलो आहोत.